खोटा रोगी, खरे शिक्षण

कोणतीही विद्या शिकताना चुका व्हावयाच्याच. सुताराचे पोर रंधा धरावयास शिकते तेव्हा चार फळ्या वाया जातात. मुलगी भाकरी थापावयास शिकते तेव्हा पहिल्या काही भाकरी तव्यावर फाटतात. फळीचे किंवा पिठाचे हे नुकसान घर आनंदाने सोसते, कारण त्या मोबदल्यात घराला एक जाणता हात मिळतो. परंतु ज्या विद्येत हाताखाली फळी नसून माणूस असतो, तेथे हा व्यवहार इतका सोपा राहत नाही. वैद्यक शिकणाराही चुकणारच. प्रश्न एवढाच उरतो की, त्या चुकीचे मोल कोणी द्यावयाचे? आजवर ते बहुधा रुग्णाने दिले, आणि त्यातही गरीब रुग्णाने दिले. कारण धर्मार्थ रुग्णालयातील खाट हीच शिकाऊ वैद्याची शाळा होती. हा भार रुग्णाच्या माथ्यावरून उतरावा या हेतूने जी शिक्षणपद्धती जगभर रूढ होत आहे, ती म्हणजे खोट्या रोग्यावर खरे शिक्षण देण्याची पद्धती. तिचा विचार देवळाली कॅम्पासारख्या गावाच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी उद्बोधक ठरेल.

देवळाली हे छावणीचे गाव. १८६१ साली इंग्रज सरकारने येथे लष्करी तळ वसविला. विलायतेहून आलेल्या पलटणी येथे उतरत आणि परत जाणारे शिपाई येथेच आगबोटीची वाट पाहत. पुढे कोरड्या, निर्मळ हवेमुळे येथे आरोग्यधामे उभी राहिली आणि मुंबईची कुटुंबे हवापालटासाठी येऊ लागली. आज या गावाची मोठी ओळख म्हणजे येथील तोफखाना विद्यालय. तोफ चालविणाऱ्याला पहिल्याच दिवशी कोणी खरा गोळा हाती देत नाही. तोफेभोवती कोणी कोठे उभे राहावे, कोणत्या आज्ञेवर कोणाचा हात कोठे जावा, हे सारे दारूगोळ्यावाचून पुनःपुन्हा घटवून घेतात, आणि निशाण साधण्याचा सराव यांत्रिक देखाव्यापुढे करून घेतात. जीव घेणाऱ्या विद्येत जर इतका खोटा सराव आवश्यक मानला जातो, तर जीव वाचविणाऱ्या विद्येत तो अनावश्यक कसा मानावा?

येथे विचार करावयाचा तो आपत्कालीन साहाय्यकाचा, ज्याला सर्वत्र ‘पॅरामेडिक’ म्हणतात. रुग्णाच्या घराचा उंबरठा आणि रुग्णालयाचे दार यांमधील अवधी हे त्याचे कार्यक्षेत्र. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ साली सुरू झाली. तेव्हा तिच्यासाठी ९३७ गाड्या योजिल्या होत्या; त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या आणि ७०४ प्राथमिक उपचारांच्या होत्या. महाराष्ट्राने या गाड्यांवर डॉक्टर नेमण्याची पद्धत ठेवली. अन्यत्र हा भार मुख्यतः प्रशिक्षित साहाय्यकांवर असतो. माणूस डॉक्टर असो वा साहाय्यक, त्याची अडचण एकच. रुग्णालयात शिकाऊ हात अडखळला तर शेजारी वडीलधारा हात असतो. गाडीत तो नसतो. उजेड पुरता नसतो, रस्ता हलवीत असतो, नातलग रडत असतात, आणि ज्या मेंदूला रक्त मिळत नाही त्याची हानी अवघ्या चारसहा मिनिटांत सुरू होते. देवळालीच्या आसपास पाहावे तर एका अंगाला लोहमार्ग, दुसऱ्या अंगाला मुंबई-आग्रा महामार्ग, पलीकडे कसाऱ्याचा घाट, आणि २०२५ साली इगतपुरीहून ठाणे जिल्ह्यातील आमण्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खुला झाल्याने पूर्ण झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग. येथे कोणत्या घटकेस कोणता रुग्ण पुढे येईल याचा नेम नाही. एखादा विद्यार्थी शिक्षणाच्या काळात दहा हृदयविकाराचे रुग्ण पाहील, पण सर्पदंशाचा एकही पाहणार नाही. आणि नोकरीच्या पहिल्याच रात्री त्याला नेमका तोच भेटेल. शिक्षण असे योगायोगावर सोडता येत नाही.

खोट्या रोग्याची कल्पना वाटते तितकी परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील नववा अध्याय केवळ सरावासाठीच राखलेला आहे. सर्व शास्त्रे पढलेल्या शिष्यानेही हात बसल्याखेरीज शस्त्र धरू नये, असा त्याचा रोख. कापण्याचा सराव कोहळा, दुध्या भोपळा, कलिंगड आणि काकडी यांवर करावा. फोडण्याचा सराव पाण्याने व चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर करावा. शीर वेधण्याचा सराव कमळाच्या देठावर आणि टाके घालण्याचा सराव जाड वस्त्राच्या काठांवर करावा, असे तेथे सांगितले आहे. पट्ट्या बांधावयास शिकण्यासाठी तर माणसाच्या आकाराचा पुतळाच सांगितला आहे. आजच्या प्रशिक्षणकेंद्रातील रबरी माणसाचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाही.

युरोपात अठराव्या शतकात मादाम दु कुद्रे या फ्रेंच सुईणीने कापड, कातडे आणि वेत यांचे स्त्रीशरीर बनविले. १७५९ साली राजा पंधरावा लुई याची सनद घेऊन ती गावोगाव फिरली आणि अक्षरशून्य खेडुत बायांना त्यावर बाळंतपण शिकवू लागली. विसाव्या शतकात विमानविद्येने याच मार्गाचा अवलंब केला. एडविन लिंक याने जमिनीवरच डोलणारे खोटे विमान तयार केले, आणि १९३४ साली हवाई टपाल वाहताना वैमानिक मृत्युमुखी पडू लागले तेव्हा अमेरिकी सैन्याने ती यंत्रे विकत घेतली. १९६० साली नॉर्वेतील आसमुंड लेरडाल या खेळणी बनविणाऱ्या कारखानदाराने, पीटर सफार प्रभृती डॉक्टरांच्या सांगण्यावरून, श्वास देण्याचा सराव करण्याजोगी बाहुली घडविली. सीन नदीत सापडलेल्या अनामिक तरुणीचा म्हणून जो मुखवटा प्रसिद्ध होता, तोच चेहरा त्याने तिला दिला. १९६३ साली हॉवर्ड बॅरोज या अमेरिकी मेंदुतज्ज्ञाने निरोगी माणसांना रोग्याची भूमिका शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसविले. बहुरूपी आणि सोंगाडे पाहिलेल्या महाराष्ट्राला ही युक्ती नवलाची वाटू नये. त्याच दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात छाती हलविणारा, डोळ्याची बाहुली आकसविणारा, संगणकाने चालणारा पुतळाही तयार झाला.

या परंपरेतील अगदी अलीकडचे अपत्य म्हणजे आभासी रुग्ण. त्याला देह नसतो. तो संगणकाच्या पडद्यावर राहतो. त्याची घडण समजण्यासाठी एक प्रसंग कल्पावा. इगतपुरी तालुक्यातील एका पाड्यावरून पहाटे पाच वाजता निरोप येतो की, पस्तीस वर्षांच्या बाईच्या पोटात कळा येत आहेत. पडद्यावर घर दिसते, जमिनीवर अंथरलेली घोंगडी दिसते, बाई दिसते. विद्यार्थ्याने काय विचारावयाचे, काय तपासावयाचे आणि केव्हा निघावयाचे हे त्यानेच ठरवावयाचे असते. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ चालू असते.

एक विद्यार्थी विचारतो, ‘काल रात्री काय खाल्ले होते?’ उत्तर मिळते. तो पित्ताची शंका घेतो, गोळी देतो आणि कागद भरू लागतो. आभासी रुग्ण त्याला अडवीत नाही. तो केवळ आपल्या रोगाच्या नियमाने पुढे जातो. दहा मिनिटांनी बाई म्हणते, ‘डोळे जड झाल्यागत वाटतात.’ आणखी थोड्या वेळाने तिला उशीवरून मान उचलवत नाही, थुंकी गिळवत नाही. मग श्वास उथळ होतो, आणि शेवटी थांबतो. दुसरा विद्यार्थी प्रथमच विचारतो, ‘रात्री कोठे निजला होतात? खाली?’ बाई होय म्हणते. तो पापण्या पाहतो, मान उचलावयास सांगतो, एका श्वासात कितीपर्यंत आकडे मोजता येतात ते ऐकतो, आणि ओळखतो की हा पोटाचा रोग नसून मण्यारीचा दंश असावा. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्यास चावते. तिच्या दाताची खूण पुष्कळदा दिसत नाही आणि जागा फारशी दुखतही नाही. सकाळी पोटदुखीने सुरू झालेला हा प्रकार काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पाडतो.

ओळख पटली म्हणजे काम संपले असेही नाही. नातलग भगताकडे नेण्याचा आग्रह धरतात, त्यांची समजूत घालावयाची. कोणी पायाला आवळून दोरी बांधू पाहतो, त्याला थांबवावयाचे. रुग्णाला चालू द्यावयाचे नाही. जवळच्या रुग्णालयात सर्पविषावरील प्रतिविष आहे काय, पुढे श्वासयंत्र कोठे मिळेल, हे दूरध्वनीवर विचारून मगच वाट ठरवावयाची. आणि वाटेत श्वास मंदावला तर मुखावर मुखवटा दाबून, पिशवी पिळून, रुग्णालय येईपर्यंत एकेक श्वास हाताने द्यावयाचा. पिशवी पिळणारा हात अर्धा तास थांबला नाही, तर ही बाई आपल्या पायांनी घरी परत येऊ शकते. कारण मण्यारीचे विष श्वास बंद पाडते, पण वेळेवर प्रतिविष आणि कृत्रिम श्वास मिळाल्यास ते लुळेपण पुढे ओसरते. हे कळण्यासाठी एका खऱ्या बाईने प्राण गमवावे काय, हाच या सगळ्या खटाटोपामागील प्रश्न आहे.

या पद्धतीचे खरे मर्म प्रसंग संपल्यानंतर सुरू होते. शिक्षक विद्यार्थ्यांना भोवती बसवितो आणि प्रत्येक पावलाची उजळणी करतो. कोणत्या मिनिटाला काय दिसत होते, ते का दिसले नाही, दिसूनही मनात का भरले नाही, याची चर्चा होते. ज्याच्या हातून पडद्यावरील बाई दगावली त्याला हिणवावयाचे नसते. त्याच्या विचाराची वाट कोठे चुकली तेवढे शोधावयाचे असते. पित्ताची शंका घेणारा विद्यार्थी मूर्ख नसतो. पोटदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत त्याचा तर्क बरोबरच ठरला असता. त्याने केवळ पहिल्या तर्काला कवटाळले आणि दुसऱ्याला दार उघडले नाही. हा दोष एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला की, तो पाठ्यपुस्तकातील दहा इशाऱ्यांहून अधिक काळ ध्यानात राहतो. ही उजळणी नसेल तर आभासी रुग्ण म्हणजे पोरांचा खेळ होय. गुण मोजावयाचे आणि विसरावयाचे.

तथापि या साधनाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. आभासी रुग्ण निर्णय शिकवितो. हात शिकवीत नाही. हृदय बंद पडलेल्या प्रौढाची छाती पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास शंभर ते एकशेवीस वेळा दाबावयाची, हे वाक्य पडद्यावर वाचून पाठ होते. पण दोन मिनिटांत दंड भरून येतात आणि दाब उथळ होऊ लागतो, हे बाहुलीवर ओणवे झाल्याखेरीज कळत नाही. शिवाय ही कला एकदा शिकून आयुष्यभर पुरत नाही. सराव सुटला तर काही महिन्यांतच हात विसरू लागतो. म्हणून प्रत्येक साधनाला आपापले काम द्यावे. विचाराचा सराव पडद्यावर व्हावा, हाताचा सराव बाहुलीवर व्हावा, बोलण्याचा सराव सोंग घेतलेल्या माणसापुढे व्हावा. आणि मग खऱ्या गाडीत, जाणत्याच्या देखरेखीखाली, खऱ्या रुग्णापाशी जावे. पडद्यावर पहिला आलेला विद्यार्थी तिसऱ्या मजल्यावरील अरुंद जिन्यातून रुग्ण खाली आणतानाही पहिला येईलच, असे कोणी मानू नये.

खर्चाचा विचारही टाळता येण्याजोगा नाही. सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. श्वास घेणारे, घाम फुटणारे, नाडी चालणारे यांत्रिक पुतळे फार महाग असतात आणि त्यांना सांभाळणारा कारागीर वेगळा लागतो. पुण्याजवळ लवळे येथे सिंबायोसिस विद्यापीठाने असे आरोग्यकौशल्यांचे केंद्र चालविले आहे, आणि २०१९ साली लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमाने महाविद्यालयांत कौशल्यप्रयोगशाळा आवश्यक ठरविली आहे. परंतु आडगावच्या साहाय्यकापर्यंत असा पुतळा पोहोचावयास वेळ लागेल. आभासी रुग्णाचे तसे नाही. तो एकदा नीट लिहिला की एका संगणकावर जसा चालतो तसाच शंभरांवर चालतो, रात्री चालतो, आणि तोच प्रसंग दहा वेळा पुढे उभा करूनही थकत नाही. गरिबाला परवडणारे सोंग हेच आहे.

मात्र ते सोंग येथले असले पाहिजे. परदेशात तयार झालेले आभासी रुग्ण इंग्रजी बोलतात, परदेशी घरांत राहतात आणि तिकडचे रोग घेऊन येतात. मराठी माणूस आपले दुखणे वेगळ्याच भाषेत सांगतो. ‘जीव घाबरा होतो’ म्हणणाऱ्या वृद्धाला भीती वाटत असते की हृदयाचा झटका येत असतो? ‘कसंतरीच होतंय’ या दोन शब्दांत किती रोग लपू शकतात? हे ओळखण्याचा सराव केवळ त्या भाषेतच होऊ शकतो. नाशिक जिल्ह्यात तर ती भाषा मराठीबरोबर अहिराणी आणि कोकणीही असते. विंचवाचेही तसेच. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशाचा आयुष्यभर अभ्यास केला. घामाने चिंब झालेले, हातपाय गार पडलेले, ओकणारे मूल हे केवळ वेदनेने तळमळत नसून त्याचे हृदय धोक्यात आहे, हे त्यांनी १९८० च्या दशकात ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रातून जगापुढे मांडले, आणि प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिला. हे ज्ञान कोकणच्या खाटांवरून उपजले आहे. त्याचा आभासी रुग्ण कोणी परदेशातून पाठविणार नाही. तो येथेच लिहिला पाहिजे.

भाषेचा उल्लेख निघाला म्हणून देवळालीचाच एक शब्द येथे ध्यानात घ्यावा. बोटीची महिनोन्‌महिने वाट पाहत या छावणीत अडकलेल्या गोऱ्या शिपायांपैकी काहींची मने ढळत. त्यावरून गावाच्या नावाचा अपभ्रंश होऊन ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजी कोशात शिरला. त्याला जोडून येणारा ‘टॅप’ म्हणजे आपलाच ताप. आजही इंग्रजीत वेडसर माणसाला थट्टेने हे विशेषण लावतात. एका गावाचे नाव माणसाच्या दुःखाच्या चेष्टेसाठी जगभर वापरले गेले, हा त्या गावावर अन्यायच झाला. मन ढळलेला माणूस रस्त्यावर आरडाओरड करीत असता त्याच्याजवळ कसे जावे, आवाज कसा खाली ठेवावा, बघ्यांना कसे दूर करावे, हे आजही अनेक पाठ्यक्रमांत उपेक्षित राहते. या कामी पडदा पुरत नाही आणि बाहुली तर मुळीच नाही. तेथे सोंग घेतलेला जिवंत माणूसच लागतो, जो प्रसंग संपल्यावर विद्यार्थ्याला सांगू शकतो की, ‘तुम्ही माझा हात धरलात तेव्हा मला धीर आला, पण माझ्याशी न बोलता माझ्या भावाशी बोललात तेव्हा राग आला.’ असा अभिप्राय खरा रुग्ण सहसा देत नाही.

या सर्व कामाला नाशिकइतके अनुकूल स्थळ क्वचितच सापडेल. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली येथेच स्थापन झाले आणि राज्यभरची वैद्यकीय महाविद्यालये व निमवैद्यकीय अभ्यासक्रम त्याला जोडलेले आहेत. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि आपत्कालीन साहाय्यकाच्या व्यवसायाला त्यात स्थान मिळाले. म्हणजे त्याच्या शिक्षणाचे एक प्रमाण ठरविण्यास आता आधार आहे. रुग्णवाहिकांतून रोज जे खरे प्रसंग घडतात, त्यांतील नावगाव वगळून निवडक प्रसंग जाणत्या डॉक्टरांनी आणि साहाय्यकांनी एकत्र बसून लिहिले, ते मराठीत बोलते केले, आणि नाशिकपासून गडचिरोलीपर्यंत प्रत्येक केंद्राला विनामूल्य दिले, तर एका पाड्यावर झालेली चूक दुसऱ्या पाड्यावर होण्याचे टळेल. वैद्यकात अनुभव हा एकेका माणसाबरोबर निवृत्त होतो. तो असा लिहून ठेवल्यास पुढच्यांच्या उपयोगी पडतो.

श्रोत्यांच्या घराशी या विषयाचा संबंध दूरचा नाही. घरातील म्हातारे माणूस मध्यरात्री कोसळले, १०८ ला दूरध्वनी झाला, आणि दारात एक तरुण किंवा तरुणी पेटी घेऊन उभी राहिली, तर घरातील कोणीही त्यांना विचारणार नाही की, असा प्रसंग तुम्ही यापूर्वी किती वेळा पाहिला आहे? ते विचारण्यास तेव्हा सवड नसते. त्या प्रश्नाचे उत्तर समाजाने आधीच देऊन ठेवावयाचे असते. पहिली चूक पडद्यावरील रुग्णापाशी झालेली असली, त्यावर शिक्षकासमवेत शांतपणे विचार झालेला असला, आणि हात बाहुलीवर बसलेला असला, तर दारातील तो तरुण वयाने नवखा असूनही त्या प्रसंगाला नवखा राहत नाही. सुश्रुताने शिष्याला प्रथम कोहळ्यापाशी बसविले, त्यामागे हीच दृष्टी होती. साधन बदलले आहे, आणि ते आपल्या भाषेत, आपल्या रोगांसाठी घडविण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे.